जुन्या भिंतीला रंग देण्यापूर्वी

शाबानचा महिना लागला की आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारते. नवा माल कधी येणार, ही पहिली. आणि घराला रंग द्यायचा आहे तर पडद्याचे कापड कोणत्या रंगाचे घ्यावे, ही दुसरी. तीस वर्षे कापडाच्या गादीवर बसल्यामुळे रंगाविषयी चार शब्द सांगण्याचा आमचा अधिकार लोक मानतात. परंतु कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग यांत फरक काय आणि साम्य काय, हे आम्हांला स्वतःचे नुकसान झाल्यावरच कळले. तो तजुर्बा व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

भिवंडीतील आमचे राहते घर आजोबांनी बांधलेले. विटा चुन्यात बसवलेल्या, आतून चुन्याचा गिलावा, वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौले. २०१५ साली रमजान ईद १८ जुलैला आली. ईदपूर्वी घर नवे दिसावे, या हौसेपोटी आम्ही ऐन पावसाच्या तोंडावर रंगकाम काढले. पुढच्या खोलीच्या भिंती गुळगुळीत व्हाव्यात म्हणून पुट्टीचे दोन हात आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट मारला. खर्च बावीस हजार रुपये. ईदला आलेल्या पाहुण्यांनी तारीफ केली. सप्टेंबरात भिंतीवर फुगे आले, आणि थंडी पडेपर्यंत खालचा तीन-चार फुटांचा पट्टा पोपडे होऊन जमिनीवर आला.

मोहल्ल्यातील एका बुजुर्ग गवंड्यांना आम्ही बोलावले. त्यांनी पोपडा हातात घेतला, मागची पांढरी भुकटी बोटाने पुसली आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही कापडवाले. घामेजल्या अंगावर रेनकोट चढवून दिवसभर बसा, मग भिंतीला काय झाले ते तुम्हांलाच समजेल."

या एका वाक्यात सगळा विषय आला. जुन्या घराला नवे रूप द्यायचे तर रंगाची छटा निवडणे हे दुसरे काम आहे. भिंतीला कोणते वस्त्र मानवते, हे ओळखणे पहिले.

भिंत कशाची आहे ते ओळखा

१९५० पूर्वीच्या घरांत चुन्याचे बांधकाम सर्रास आढळते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. जमिनीतली व पावसाची ओल तो शोषतो आणि ऊन पडले, वारा लागला की सोडून देतो. सुती सदऱ्यासारखेच हे आहे. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंटचा जाड थर बसला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती ओल भिंतीतील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, तेथे क्षाराचे खडे होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. दोष रंगाच्या कंपनीचा नसतो, रंगाऱ्याच्या हाताचाही बहुधा नसतो. चुकीच्या भिंतीवर चुकीचा थर चढलेला असतो.

भिंत ओळखण्याच्या तीन साध्या परीक्षा आहेत. कोपऱ्यात किल्लीने ओरखडा काढावा. चुन्याचा गिलावा मऊ असतो, पांढरट भुकटी पडते. सिमेंटचा कठीण व राखाडी असतो. दुसरी, भिंतीवर पाण्याचे चार थेंब उडवावेत. लगेच जिरले तर भिंत अजून श्वास घेते आहे; ओघळले तर वर तेलाचा किंवा प्लास्टिकचा थर आहे. तिसरी परीक्षा ओलीची. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतील हवा दमट आहे, म्हणजे खिडक्या उघडण्याची गरज आहे, रंगाची नव्हे.

ओल सापडली तर आधी तिचे मूळ शोधावे. फुटके कौल, गळका नळ, तुंबलेली पन्हाळ ही नेहमीची कारणे. आपल्या जुन्या वस्त्यांत आणखी एक कारण असते. रस्त्याचे दर वेळी काँक्रिटीकरण होते, रस्ता वर येतो आणि घराचा चौथरा त्याच्या खाली जातो. मग रस्त्याचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरते. अशा भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा करून ओल थांबत नाही. ती सिमेंटच्या वरून डोके काढते. पाणी भिंतीपासून दूर वाहून जाईल असा उतार करणे हाच इलाज. लोणा दिसला तर तो कोरड्या ब्रशाने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार पुन्हा भिंतीत जातो.

सिमेंटचे घर असेल आणि भिंत कोरडी असेल तर डिस्टेंपर किंवा इमल्शन खुशाल वापरावे. मात्र गिलावा नवा असेल तर निदान चार आठवडे सुकू द्यावा आणि प्रायमर चुकवू नये. जुने रंगारी प्रायमरला अस्तर म्हणतात, ते योग्यच आहे. अस्तराशिवाय शेरवानी बसत नाही, तसा प्रायमरशिवाय रंग बसत नाही.

चुन्याचा हात कसा द्यावा

चुना म्हटले की लोकांना गोठ्याची किंवा झाडाच्या बुंध्याची आठवण होते. हा गैरसमज आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो व लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे चुना भिंतीवर नुसता चिकटत नाही, तो भिंतीचाच भाग होतो आणि तरीही भिंतीची छिद्रे बंद करत नाही. शिवाय ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

कृती सोपी आहे, पण घाई चालत नाही. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी धरावे. चुना थोडा थोडा पाण्यात टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. त्या वेळी तो जोरात उकळतो व उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे हवेत आणि मुले दूर हवीत. निदान एक रात्र भिजू द्यावा. जास्त दिवस भिजला तर उत्तमच. मग मांजरपाटाच्या फडक्यातून गाळावा. पिशवीतली तयार चुन्याची पूड घेतली तरी चालते, पण ती ताजी असावी. उघडी राहिलेली पूड हवेनेच मेलेली असते, ती भिंतीला धरत नाही. सरस किंवा डिंक अगदी थोडा घालावा. जास्त घातला तर छिद्रे बुजतात आणि आपण पुन्हा रेनकोटाकडे जातो.

जुन्या पावडरीचे थर खरवडून, भिंत पाण्याने थोडी ओली करून हात मारावा. द्रावण दुधाइतके पातळ असावे. पहिला हात लावताना भिंत पारदर्शक दिसते आणि नवखा माणूस घाबरून चुना घट्ट करतो. तसे करू नये. घट्ट चुना तडकतो. सुकताना तो आपोआप पांढरा होतो. दिवसाला एक याप्रमाणे तीन हात द्यावेत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. आधीचा थर पूर्ण काढावा लागतो. आमचे बावीस हजार गेले ते वेगळेच, तो थर खरवडायला पुन्हा मजुरी द्यावी लागली.

पक्का रंग, कच्चा रंग

उर्दूत कापड रंगवणाऱ्याला रंगरेज म्हणतात आणि भिंती-दरवाजे रंगवणाऱ्याला रंगसाज. मराठीत दोघांनाही रंगारीच म्हणतात. आम्हांला मराठीचे बरोबर वाटते, कारण दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: रंग पक्का की कच्चा?

चुना हा तीव्र क्षार आहे. त्यात प्रत्येक रंग टिकत नाही. मातीचे व लोखंडाच्या गंजाचे रंग टिकतात. गेरू, पिवळी माती, हिरमुजी हे सगळे पक्के. हिरमुजी हे नावच इराणजवळच्या हुरमुज बेटावरून आले आहे. तेथील लाल माती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर येई. कपड्याला घालतात ती नीळही चुन्यात चालते. पांढऱ्या चुन्यात चिमूटभर टाकली की पिवळेपणा मरतो. उलट कापड रंगवण्याचे पुष्कळसे रंग चुन्यात उडतात किंवा बदलतात. म्हणून बाजारात रंगाची पूड घेताना ती चुन्यात चालते का, हे विचारूनच घ्यावी. रंगाचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. जास्तीचा रंग चुना धरत नाही, तो अंगाला लागतो.

ओला रंग पाहून निर्णय घेऊ नये. ओले कापड गडद दिसते आणि सुकल्यावर उजळते, हे आम्ही रोज पाहतो. चुन्याचा रंग तर सुकल्यावर कितीतरी फिका होतो. म्हणून आधी भिंतीवर दोन फूट चौरस तुकडा रंगवून एक दिवस थांबावे.

दुसरा धडा दुकानातलाच. जाणते गिऱ्हाईक साडी हातात घेते, दुकानाच्या पायरीवर जाते आणि उजेडात पाहते. कारण दिव्याखाली दिसणारा रंग आणि दिवसा दिसणारा रंग एक नसतो. भिंतीचेही तसेच आहे. निळसर पांढऱ्या दिव्याखाली जो बदामी रंग करडा वाटतो, तोच पिवळसर दिव्याखाली ऊबदार वाटतो. म्हणून नमुन्याचा तुकडा सकाळी, दुपारी आणि रात्री आपल्याच दिव्याखाली पाहावा. शिवाय कार्डावरचा चौकोन हा एक इंच असतो, भिंती चार असतात आणि एकमेकींचा रंग एकमेकींवर टाकतात. त्यामुळे कार्डावर पसंत पडलेली छटा खोलीत गडद भासते. कार्डावर आवडली त्यापेक्षा एक पायरी फिकी घेतली तर सहसा पस्तावा होत नाही.

जुन्या घरासाठी काही कल्पना

जुन्या घरात माजघर अंधारे असते. चांगली पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ऐंशी टक्के प्रकाश परत देते. गडद तपकिरी किंवा गडद निळी दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रंग बदलला की त्याच दिव्यात जास्त दिसते आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही. मात्र अंधाऱ्या खोलीत अगदी शुभ्र पांढरा राखेसारखा दिसतो. तेथे पिवळ्या मातीची किंचित झाक असलेला साईचा रंग द्यावा. तुळयांमधले आढे पांढरे ठेवावे, छत उंच वाटते.

खोलीचा विचार साडीसारखा करावा. साडीला अंग असते, काठ असतो आणि पदर असतो. तिन्ही भडक केले तर साडी विकली जात नाही. खोलीचे अंग फिके ठेवावे. जमिनीपासून तीन फुटांचा पट्टा हिरमुजी किंवा गेरूचा करावा, तो काठ. मुलांचे हात, पाठी टेकण्याचे डाग त्यात खपून जातात. पूर्वी हा पट्टा ऑइल पेंटने रंगवण्याची फॅशन आली होती. चुन्याच्या भिंतीवर तेच नुकसानीचे ठरते; ओल तेलाच्या पट्ट्यामागे अडकते व वर चढते. तोच पट्टा चुन्यातल्या हिरमुजीने केला तर काठही राहतो आणि भिंतही सुकते. एका भिंतीला थोडी गडद छटा द्यायची असेल तर खिडकीसमोरची भिंत निवडावी, तो पदर.

जुन्या घरातले कोनाडे लोक बुजवतात. ते ठेवावेत. आतून गडद हिरवा किंवा निळसर रंग दिला तर त्यात ठेवलेला दिवा किंवा किताब उठून दिसते आणि खर्च वाटीभर रंगाचा. काठाच्या वर छापील बुट्टीची ओळही सुंदर दिसते. यासाठी जुन्या एक्स-रे फिल्मवर वेलबुट्टी कापून छाप तयार होतो. ब्लॉक छपाईच्या कापडावरची नक्षी यात हुबेहूब उतरते. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींचे काम आटले आहे. ज्यांच्या हाताला अक्षराची सफाई आहे त्यांना ही ओळ काढणे जड नाही. आपल्या मोहल्ल्यातील अशा हाताला हे काम द्यावे.

दरवाजे-खिडक्या आणि मुलांचे आरोग्य

जुन्या सागाच्या दरवाजांवर ऑइल पेंटचे दहा-दहा थर असतात. ते काढून मूळ लाकडाला अळशीचे तेल दिले तर घराची शोभा दुप्पट होते. पण येथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यावा. पूर्वीच्या तेलाच्या रंगांत शिसे असे, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल व हिरव्या रंगांत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी २०१६ च्या नियमांनी ठरली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांचा भरवसा धरता येत नाही.

असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला किंवा जाळून काढला तर शिसे धुळीत व धुरात मिसळते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते अपाय करते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासावा, रंगाऱ्याने तोंडावर चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावे, आणि काम चालू असताना मुले व गर्भवती स्त्रिया यांना दुसऱ्या घरी पाठवावे. झाडून काढू नये, ओल्या फडक्याने पुसावे. रंगाऱ्याचे कपडेही घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. त्याच्याही घरी मुले आहेत. थर पक्का बसलेला असेल आणि पोपडे निघत नसतील तर तो न छेडता वरून नवा शिसेविरहित रंग देणे जास्त शहाणपणाचे.

हिशेब आधी, काम नंतर

रंगकामात भांडण होते ते मापावरून. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून तीन बाय सातच्या दरवाजाचे २१ आणि चार बाय चारच्या खिडकीचे १६ वजा केले तर ४०३ राहतात. छत १२० वेगळे. दरवाजा-खिडकी वजा करायची की नाही, खरवडणे दरात धरले आहे की वेगळे, हात किती, माल कोणाचा, या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात आणि दोघांनी सही करावी. मालकाला ठकवले गेल्यासारखे वाटू नये आणि कारागिराची मजुरी अडकू नये. डब्यावर लिहिलेले चौरस फूट गुळगुळीत भिंतीचे असतात; जुनी खडबडीत भिंत जास्त रंग पिते, तेवढी तरतूद ठेवावी.

वेळही पाहावी. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. २०१३ ते २०१६ या वर्षांत ती जुलै-ऑगस्टमध्ये आली आणि आमच्यासारख्या अनेकांनी ओल्या भिंतींवर रंग चढवले. २०२४ साली ती एप्रिलमध्ये आली, २०२५ साली मार्चअखेरीस. आता काही वर्षे ईदपूर्वीचे दिवस कोरड्या हवेचे आहेत. त्यांचा फायदा घ्यावा. ईद, लग्न, पाहुणे यांच्यासाठी ओल्या भिंतीवर घाई करू नये. लग्न दोन दिवसांचे असते, भिंत पिढ्यांची.

आमच्या घराचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. २०१६ च्या हिवाळ्यात त्या बुजुर्गांच्या देखरेखीखाली सगळा थर काढला, अंगणाचा उतार बदलला, चुन्याचे तीन हात दिले आणि खाली हिरमुजीचा काठ. पावसाळ्यात काठ थोडा गडद होतो, ऑक्टोबरात पुन्हा उजळतो. पोपडा एकही नाही. दर दोन वर्षांनी एक हात देतो, तेवढेच. ते बुजुर्ग आता हयात नाहीत. चुना भिजवण्यापासून गाळण्यापर्यंत सर्व काम त्यांनी आमच्याच गल्लीतल्या दोन तरुण रंगाऱ्यांकडून करून घेतले होते. आज जुन्या घरांची अशी कामे त्या दोघांकडे लांबून येतात. ज्या तरुणांच्या हातात ब्रश आहे त्यांनी आपल्या मोहल्ल्यातील जुना गवंडी शोधावा आणि तो आहे तोवर चार दिवस त्याच्या हाताखाली काम करावे. ही विद्या डब्यावर छापलेली मिळत नाही.